पुढचा शब्द

‘मी’ एवढंच टाइप केलं होतं, तर फोनने पुढचा शब्द सुचवला, ‘मरते’. मला ‘येतो’ लिहायचं होतं. मी येतो, जरा उशीर होईल, एवढाच निरोप साहेबांना पाठवायचा होता. माझा स्वतःचा फोन सकाळीच लिफ्टच्या खड्ड्यात पडून त्याचा चक्काचूर झाला होता. बायकोचा जुना फोन दुकानात देऊन टाकावा म्हणून चार दिवस डब्याच्या पिशवीत फिरत होता, त्यात माझं सिम घालून मी वेळ मारून नेत होतो. एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत उपड्या डब्यावर बसलो होतो, मोटर बंद होती, हात ग्रीसने बरबटलेले होते. कीबोर्डच्या वर तीन शब्द ओळीत उभे होते: मरते, सांगते, काय. उगाच, म्हणजे अगदी उगाच, मी करंगळीने ‘मरते’ दाबलं. लगेच नवे तीन आले. त्यातलं ‘इकडे’ दाबलं. मग ‘हसून’. मी मरते इकडे हसून. हे वाक्य ती तिच्या बहिणीला उठता बसता लिहायची. लिहायची आणि खरंच हसायची, पाठ भिंतीला टेकवून, पदर तोंडाला लावून. त्या बंद खोलीत माझ्या मागे उभं राहून कुणी हाक मारली असती तरी मी इतका दचकलो नसतो. साहेबांना निरोप गेलाच नाही आणि संध्याकाळी मी त्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली. खाताना मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या डोक्यात तो ‘हसून’ होता.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात आणि पाय लुळे पडले, हात व्यायामाने थोडाफार परत आला. पाय परत आला. बोलणं गेलं ते गेलंच. आणि कुणाचं गेलं, तर जिच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा चालायचा तिचं. ती बसच्या पासच्या खिडकीवर बसायची. रांगेतल्या प्रत्येकाला तिचं काहीतरी वेगळं बोलणं असायचं: ह्या फोटोत तुम्ही जिवंत दिसताय, मागच्या फोटोपेक्षा बरं आहे; आजोबा, पास वर्षाचा काढा, उगाच महिन्यामहिन्याने मला भेटायची कारणं शोधू नका. लोक दुसरी खिडकी रिकामी असली तरी हिच्याच रांगेत उभे राहायचे. आता तिच्याकडे एकच शब्दप्रयोग उरला होता, ‘बरं का’. भूक लागली तरी बरं का, राग आला तरी बरं का, खिडकीत चिमणी बसली तरी बरं का. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळं वाहून जातं आणि एखादा तुकडा अडकून राहतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला सगळं समजत होतं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून ती कपाळाला हात लावायची, योग्य ठिकाणी लावायची. बोलणं शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, शब्द हरवलेले नाहीत, आतच आहेत. समोर दिसला तर त्या ओळखतील, पण आपणहून बाहेर काढता येत नाही. त्या बाईने एक टॅबलेट आणून दिला होता. त्यावर चित्रं होती. पेल्याचं चित्र दाबलं की तो ‘मला पाणी हवे आहे’ म्हणायचा, रडक्या तोंडाचं चित्र दाबलं की ‘मला दुखत आहे’. बायकोने तो डाव्या हाताने पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाट करून त्यावर वाटाणे सोलत बसली. मला तिची बाजू पटली. आयुष्यात तिने ‘मला पाणी हवे आहे’ असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. ती म्हणायची, घशाला कोरड पडली, कुणी आहे का घरात जिवंत?

मग घरात मीही बोलेनासा झालो. ठरवून नाही. तिच्यासमोर घडाघडा बोलायचं म्हणजे उपाशी माणसासमोर पंगतीला बसल्यासारखं वाटायचं, म्हणून मी आधी वाक्यं लहान केली, मग नुसत्या माना हलवायला लागलो. घरात टीव्ही बोलायचा आणि कुकर बोलायचा. ती माझ्याकडे बघत राहायची, मी टीव्हीकडे बघत राहायचो. तिला वाटत असणार, हा कंटाळला. मी कंटाळलो नव्हतो. मला तिच्या आवाजाची भूक लागली होती, आणि ती भूक कुठे सांगावी ते कळत नव्हतं, कारण जन्मभर माझ्या सगळ्या तक्रारी मी तिलाच सांगत आलो होतो.

आमची ओळखसुद्धा आवाजानेच झाली. तिच्या ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि मला बोलावणं आलं. मी वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडून केबिनच्या टपावर उतरलो. खाली आत एकच बाई होती. दिसत काहीच नव्हतं, टपावरच्या हवेच्या जाळीतून फक्त आवाज येत होता. घाबरलात का, असं मी विचारलं. ती म्हणाली, घाबरू कशाला, निदान इथे साहेब तरी नाही. मग तिने लिफ्टला नावं ठेवली, लिफ्टच्या कंपनीला नावं ठेवली, माझं लग्न झालंय का विचारलं आणि झालं असेल तर त्या बिचारीला असंच लोंबकळत ठेवता का, असंही विचारलं. मी टपावर गुडघे टेकून एकटाच हसत होतो. चेहरा नंतर दिसला. तोही चांगला होता, पण मी तोपर्यंत कामातून गेलो होतो.

तर त्या दिवसापासून डब्याची सुट्टी झाली की मी एखादी मशीनची खोली किंवा जिन्याखालची जागा गाठायचो आणि तिचा फोन काढायचो. नवा फोन घेतला होता, तो खिशातच राहायचा. तिचे निरोप मी वाचले नाहीत, तेवढी लाज होती. कोऱ्या पानावर नुसतं एक अक्षर टाकायचो आणि पुढचं तिला सुचवू द्यायचो. तीन शब्दांतला एक निवडायचा, मग पुढचे तीन. ‘तुमची’ लिहिलं की यायचं: अक्कल, चप्पल, आठवण. मी आठवण दाबायचो. मग त्याला उत्तर लिहायचो, त्याच कीबोर्डवर. मी ऐकतोय. बोल ना. एकदा तरी बोल ना. आज मोठ्या बाजाराजवळच्या लिफ्टची दोरी बदलली, तू असतीस तर म्हणाली असतीस की. इथे थांबायचो आणि ती काय म्हणाली असती ते कीबोर्डवर शोधायचो. शेवटी सगळं पुसून टाकायचो आणि पोळी गार झालेली असायची. काही आठवड्यांनी ‘तुमची’ लिहिल्याबरोबर आठवण पहिल्या जागी येऊ लागलं. मला फार बरं वाटलं. वाटलं, आत कुठेतरी तिला कळतंय की मला आज काय ऐकायचंय. खरं तर लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने मला ‘तुमची आठवण येते’ असं कधी लिहिलं नव्हतं. बहिणीला लिहिलं असेल, आईला लिहिलं असेल. मला ती लिहायची, येताना कोथिंबीर, आणि विसरलात तर तसेच परत जा. पण माणूस भुकेला असला की चव कुठे बघतो?

मग फोनची पाठ फुगायला लागली. आतली बॅटरी सुजली, मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं, पडद्याचा एक कोपरा पिवळा पडला. दुकानदार म्हणाला, ह्याची बॅटरी आता संग्रहालयातच मिळेल, आणि असा फुगलेला फोन खिशात ठेवू नका. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. डॉक्टरांनी गुठळीचं सांगितलं तेव्हाची भीती वेगळी होती, तिच्यात धावपळ होती, फॉर्म होते, नातेवाईक होते. ही भीती एकट्याने बसून खायची होती. तिचं बोलणं आता जगात ह्या एकाच ठिकाणी शिल्लक होतं, आणि ते ठिकाण फुगून फुटायच्या बेतात होतं.

माझी भाची एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. तिला घराजवळच्या चौकात गाठून मी फोन दाखवला.

“मामा, हा फोन म्हणजे पणजोबा आहे,” ती म्हणाली. “फोटो काढून घे आणि टाकून दे.”

“फोटो नकोत. शब्द हवेत.”

“कसले शब्द?”

“ती लिहायची ते. वर सुचतात ना, ते.”

 मग तिने फोन हातात घेतला, ‘मी’ टाइप केलं आणि लगेच परत दिला, चटका बसल्यासारखा. “ते कीबोर्डच्या पोटात असतं, मामा. हा कीबोर्ड बनवणारी कंपनीच बंद पडली, त्यामुळे बाहेर कुठे साठवलेलं पण नसणार. आणि त्या पोटात जायची परवानगी कुणालाच नसते.”

“मालकालासुद्धा?”

“मालकाला तर मुळीच नाही. फोन तू विकत घेतलास तरी त्याच्या लेखी तू भाडेकरू. खोल्या वापर, भिंती फोडायच्या नाहीत. आत जायचं तर रूट करावा लागेल. म्हणजे सगळ्यात वरचा अधिकार आपल्या हातात घ्यायचा.”

“मग घे.”

“इतकं सोपं नाहीये. रीतसर कुलूप उघडायला गेलं तर फोन आधी स्वतःला पुसून टाकतो, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. पण हा इतका जुना आहे की ह्याच्या सिस्टिममध्ये एक भोक राहून गेलंय. नव्या फोनमध्ये ते बुजवलं, ह्याच्यात कुणी बुजवलंच नाही. तिथून न पुसता आत शिरता येईल बहुतेक.”

“आणि नाही शिरता आलं तर?”

“तर वीट. चालूच होणार नाही, नुसता दगड. मग ते शब्द पण गेले.” मग तिने विचारलं, “मामीला विचारलंस ना? तिचा फोन आहे.”

“हो,” मी म्हणालो. विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती बरं का म्हणाली असती, आणि ते होकाराचं की नकाराचं हे मला ओळखता आलं नसतं, निदान मी तसं स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरंच होतं. ती नाही म्हणाली असती तर ते मला नक्की ओळखता आलं असतं.

रविवारी जेवणं झाल्यावर भाची लॅपटॉप घेऊन आली. बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती. आम्ही जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवून केबल जोडली. फोन फुगल्यामुळे केबल नीट बसेना, म्हणून मी ती बोटाने दाबून धरली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बोट हललं तर ती गेली. आमच्या धंद्यात बाहेरून लिफ्टचं दार उघडायची एक किल्ली असते, ती फक्त मेकॅनिककडे राहते, आणि दार उघडण्याआधी पलीकडे केबिन आहे की नुसता खड्डा हे बघायचं असतं. पहिल्या दिवशी उस्ताद हेच शिकवतो. मी न बघता उघडायला बसलो होतो. फोन आपोआप बंद झाला, पुन्हा चालू झाला आणि कंपनीच्या नावावर येऊन अडकला. नाव पडद्यावर नुसतं उजळत होतं, विझत होतं. भाचीने नखं खायला घेतली. “असं होतं का?” मी विचारलं. “होतं कधी कधी,” ती म्हणाली, पण तिचा आवाज लहान झाला होता. माझं बोट सुन्न झालं. आतून बायकोच्या कुशीवर वळण्याचा, पलंग करकरण्याचा आवाज आला आणि मला एकदम वाटलं की मी चोर आहे. तिच्या तोंडातलं काढून घ्यायला निघालो होतो, तेही ती झोपलेली असताना. हा फोन उद्या वीट झाला तर तिला मी काय सांगणार होतो? आणि सांगितल्यावर ती कोणत्या शब्दांनी मला शिव्या देणार होती?

मग पडदा उजळला. लॅपटॉपवरच्या ओळीच्या टोकाची खूण बदलली. “झालं,” भाची म्हणाली आणि खुर्चीत मागे रेलली. “आता ह्या फोनचे देव आपणच.” तिने कीबोर्डच्या पोटातली फाइल काढली, आपल्या जुन्या टॅबलेटवर, तोही तिने कधीतरी असाच उघडून ठेवलेला होता, तोच कीबोर्ड घातला आणि त्यात ती फाइल बसवली. टॅबलेट लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणार होता. मी मान वर केली तर दारात बायको उभी होती. केस सुटलेले, गालावर उशीची घडी. तिने टेबलावर केबलला बांधलेला स्वतःचा फोन पाहिला, मग मला पाहिलं.

“बरं का,” ती म्हणाली. ह्या वेळी मला बरोबर कळलं.

“अगं, तुझंच आहे सगळं,” मी घाईघाईने म्हणालो. “तुझेच शब्द आहेत. फक्त निवडायचे. चित्रं नाहीत, बघ.” तिला खुर्ची दिली, टॅबलेट तिच्यासमोर उभा केला आणि ‘मी’ लिहून दिलं. वर तीन शब्द आले. तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, पहिल्या शब्दावर ठेवली. ऐकतोय. पुन्हा पहिला. बोल. पुन्हा पहिला. ना. टॅबलेटमधली अनोळखी बाई सरळ सुरात म्हणाली, “मी ऐकतोय बोल ना.”

भाचीने माझ्याकडे वळून पाहिलं. “मामा, तू ह्याच्यावर टाइप करत होतास?”

“डब्याच्या सुट्टीत. रोज.”

तिने कपाळाला हात लावला. “अरे, समोर कोण बसलंय हे कीबोर्डला कुठे कळतं? तू जे दाबशील ते वर चढतं. जे दाबणार नाहीस ते खाली जातं. तू रोज त्याला तुझंच शिकवत होतास.”

मला तेव्हा कुठे उजेड पडला. ती आत बसून मला हवं ते बोलत नव्हती. मी तिचं कडू काढून माझं गोड भरत गेलो होतो. ज्या वस्तूवर इतका जीव टाकला, तिच्यातून रोज जेवता जेवता मीच बायकोला थोडं थोडं पुसत आणलं होतं. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय, हे खड्ड्याच्या कडेवर आयुष्य काढलेल्या माणसाला घरच्या खुर्चीत कळलं. बायको मात्र थांबली नाही. तिचं बोट पहिल्या शब्दावरून पहिल्या शब्दावर जात राहिलं आणि ती अनोळखी बाई एकेक वाचत राहिली. तुमची आठवण येते. एकदा तरी बोल ना. घरी जाववत नाही तू गप्प असतेस. तू असतीस तर म्हणाली असतीस. मी इतके महिने घरात न बोललेलं सगळं तिथे होतं, भाचीसमोर, भर दुपारी. भाची खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, टॅबलेट हिसकावून घ्यावा. बायकोने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि त्याच वेळी भुवई चढलेली होती. एकाच वेळी रडणं आणि चिडणं तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमत नसेल. ह्या सगळ्या दिवसांत तिला वाटत होतं तसा मी कंटाळलेला नव्हतो, हे तिला कळलं. आणि ते मी तिला सोडून एका फोनला सांगत बसलो, हेही कळलं.

मग तिने भाचीच्या दंडाला हात लावला आणि डाव्या हाताने हवेतच काहीतरी उचलून बाहेर फेकल्याची खूण केली. भाचीने शब्दावर बोट दाबून धरायला शिकवलं. धरलं की खाली कचऱ्याची टोपली येते, शब्द ओढून तिच्यात टाकायचा. बायकोने ऐकतोय टाकला. बोल टाकला. आठवण टाकला. “अगं, तो राहू दे की,” मी म्हणालो. ती बरं का म्हणाली, खिडकी बंद करायच्या वेळी रांगेतल्या शेवटच्या माणसाला म्हणायची त्याच सुरात, आणि जाववत टाकला. एकही ठेवला नाही. बोट घसरायचं, शब्द टोपलीच्या बाजूला पडायचा, ती पुन्हा धरायची. चिकाटी तिची पहिल्यापासून दांडगी. जसजसे माझे शब्द जात होते, तसतसे खालून दुसरे वर यायला लागले. आधी एखादं, मग ओळच्या ओळ. कप्पाळ आलं, तिच्या सवयीचं, दोन प ठोकून. मेलं आलं. चुलीत आलं. अक्कल आलं. भाचीला हसू फुटलं, तिने ते हाताने झाकलं. मी टेबलाची कड धरून उभा होतो. कुणाच्या तरी येण्याची इतकी वाट मी स्टेशनवरसुद्धा कधी पाहिलेली नाही.

बायको पुढे वाकली. लिहायची जागा कोरी होती, वर तीन शब्द उभे होते. तिने बराच वेळ पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग बोट पुढे गेलं. अहो. नवे तीन आले. त्यातला मधला, पोरीला. मग चहा. मग तरी. शेवटचा शब्द लगेच दिसेना, तिने भुवया जवळ घेतल्या, दोन शब्द टोपलीत फेकले तेव्हा तो वर आला. तिने तो दाबला आणि मग आवाजाची खूण दाबली.

“अहो पोरीला चहा तरी विचारा,” टॅबलेट म्हणाला.

भाची जेवणवेळ टळल्यापासून आमच्या टेबलाशी राबत होती आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. “चहा घेणार ना गं?” मी म्हणालो. तिने मान खाली घालून केबल गुंडाळायला घेतली आणि नुसतीच मान हलवली. मी स्वयंपाकघरात गेलो. पातेलं घेतलं, नळ सोडला. बाहेरून आवाज आला, “अहो.” त्या परक्या बाईचा, चढउतार नसलेला. दाबणारं बोट मात्र माझ्या ओळखीचं होतं. पुन्हा आला, “अहो.” चहाची पावडर कुठे ठेवलीय ते सांगायचं असेल, किंवा दूध बघा म्हणायचं असेल, किंवा नळ बंद करा. “अहो. अहो.” पातेलं भरून वाहत होतं. मी ते तसंच धरून उभा राहिलो आणि मुद्दाम ओ दिली नाही, कारण ओ दिली असती तर ती थांबली असती.